वेताळाचा शेवटचा प्रश्न

मराठी साहित्याच्या घरात भुताच्या गोष्टीला ओसरीवरच बसावे लागते. माजघरात तिला प्रवेश नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके कोणत्याही वाचनालयात सर्वांत अधिक मळलेली, शिवण सुटलेली आढळतात, पण प्रश्नपत्रिकेत त्यांच्यावर प्रश्न क्वचितच येतो. आता त्या गोष्टीतले भूत जर समलिंगी असेल, तर मग ओसरीसुद्धा मिळणे कठीण. आणि तरीही पाश्चात्त्य वाङ्मयात समलिंगी व्हँपायरच्या कथांची एक शाखा आज चांगलीच फोफावली आहे. तिचे संग्रह निघतात, तिच्यावर मालिका होतात. वर्धा शहराला चिकटलेल्या आमच्या सिंदी मेघेत बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहतात. त्यांच्या मोबाइलमध्येही ती येऊन पोचली आहे. वाचणारा ती पांघरुणात तोंड खुपसून वाचतो आणि कोणी आले की क्रिकेटचा स्कोअर उघडतो, ही गोष्ट वेगळी.

ती का वाचली जाते, हा माझ्या लेखाचा विषय. चवचाल कुतूहल म्हणून वाचतात, हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच मला ते पटत नाही. चवचालपणाला मोबाइलवर याहून स्वस्त वाटा आहेत. रक्त पिणाऱ्या मेलेल्या माणसाच्या गोष्टीत एखाद्या जिवंत तरुणाला स्वतःचे काही सापडत असेल, तर ते काय, याचा विचार कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करायचा नाही तर कोणी करायचा?

या कथेचा उगम पुष्कळांना ठाऊक नसतो. कार्ल हाइनरिख उलरिक्स नावाचा एक जर्मन गृहस्थ होता. तो हॅनोव्हर राज्यात सरकारी नोकरीत असलेला कायदेतज्ज्ञ. पण आपले प्रेम पुरुषांवर आहे ही गोष्ट बाहेर फुटल्यामुळे त्याला नोकरी सोडावी लागली. १८६७ च्या ऑगस्टमध्ये म्यूनिक येथे जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत तो उभा राहिला आणि अशा प्रेमाला शिक्षा ठेवणारे कायदे रद्द झाले पाहिजेत असे सांगू लागला. सभेने आरडाओरडा करून त्याचे भाषण बंद पाडले. विद्वानांची सभा होती ती! पुढे अठरा वर्षांनी, १८८५ साली, याच माणसाने खलाशांच्या चार गोष्टींचे एक लहानसे पुस्तक काढले. त्यातली एक गोष्ट म्हणजे ‘मॅनॉर’.

उत्तरेकडच्या फॅरो बेटांवर ही गोष्ट घडते. नाव उलटते, हारचा बाप बुडतो, आणि हारला मॅनॉर नावाचा खलाशी समुद्रातून ओढून काढतो. दोघांची जिवाभावाची मैत्री होते. मग मॅनॉरचे जहाज वादळात फुटते, त्याचे प्रेत किनाऱ्याला लागते आणि गावकरी ते पुरतात. पण मॅनॉर थडग्यात राहत नाही. रात्री समुद्र ओलांडून तो हारकडे येतो. तो गार असतो, ओला असतो, आणि प्रत्येक भेटीत हारचे थोडे रक्त त्याच्याबरोबर जाते. हार दिवसेंदिवस खंगत जातो. गावकरी थडगे उघडून प्रेताच्या छातीत खुंट ठोकतात. मॅनॉर तरीही येतो. मग अधिक मोठा खुंट ठोकतात. तेव्हा तो यायचा थांबतो आणि हार झुरून मरायला टेकतो. मरताना तो आईला सांगतो, मला त्याच्याच थडग्यात ठेव आणि त्याच्या छातीतला तो खुंट काढून टाक.

गोष्ट साधीच आहे, थोडी भाबडीही आहे. पण तिच्यात एक उलटापालट आहे. भुताच्या गोष्टीत सामान्यतः भूत हे संकट असते आणि गाव हे रक्षण. इथे गावाने केलेले रक्षण हेच संकट आहे. रक्त देणाऱ्याची तक्रार नाही. तक्रार खुंट ठोकणाऱ्यांची आहे. भर सभेत ज्याला बोलू दिले नाही त्या कायदेपंडिताने आपले राहिलेले भाषण एका भुताच्या तोंडी घातले, असे मी समजतो. परिषदेत मांडता येत नाही ते गोष्टीत मांडता येते. गोष्टीला कोणी सभाशास्त्राचा मुद्दा उपस्थित करत नाही.

याच्या थोडे आधी आयर्लंडच्या शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ ही दीर्घकथा १८७१-७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली होती. तीत पिशाच स्त्री आहे आणि तिचा जीव जडतो तोही एका मुलीवर. शेवटी वडीलधारी पुरुषमंडळी जमतात, थडगे उघडतात, यथाविधी खुंट ठोकतात आणि सर्व सुरळीत होते. फक्त ज्या मुलीला वाचवले ती लॉरा पुढे वर्षानुवर्षे दाराशी कार्मिलाच्या पावलांचा भास ऐकत राहते. तो भास भीतीचा की ओढीचा, हे लेखकाने सांगितले नाही आणि बहुधा तिलाही सांगता आले नसते. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ याच्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९७ च्या मे महिन्यात आला. त्याच महिन्यात ऑस्कर वाइल्ड दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून तुरुंगातून सुटला होता. गुन्हा हाच, पुरुषांशी संबंध. स्टोकर आणि वाइल्ड दोघे डब्लिनचे, एकमेकांच्या ओळखीचे. स्टोकरची बायको फ्लॉरेन्स हिच्यावर एकेकाळी वाइल्डचे मन होते. ‘ड्रॅक्युला’मध्ये वाइल्डचे नाव नाही. पण ज्या शहरात एका माणसाची अशी जाहीर शिकार झाली होती, त्या शहरात बसून हे पुस्तक पुरे झाले, हे विसरून ते वाचता येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. समलिंगी माणसाला रक्तपिपासू म्हणून दाखवणे ही त्याची बदनामी नव्हे काय? काउंट स्टेनबॉकची ‘द ट्रू स्टोरी ऑफ अ व्हँपायर’ ही १८९४ ची कथा वाचली तर हा आक्षेप शब्दशः पटतो. घरात पाहुणा म्हणून आलेला सरदार तिथल्या एका कोवळ्या मुलाचा जीव हळूहळू संपवतो. लेखक स्वतः त्याच वाटेचा होता म्हणतात, पण गोष्ट मात्र त्याने शत्रूंच्या हाती कोलीत द्यावे अशी लिहिली. समलिंगी म्हणजे पोरांना नासवणारा, हा अपसमज आजही आपल्या चावडीवर ऐकू येतो. अशा गोष्टीला समलिंगी वाङ्मय म्हणून डोक्यावर घ्यावे असे मला मुळीच वाटत नाही. दोन सज्ञान माणसांचे प्रेम आणि लेकराची शिकार यांत फरक न करणारा लेखक कितीही शैलीदार असो, तो आंधळाच.

परंतु विसाव्या शतकात या शिवीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९७६ साली अमेरिकेत ॲन राइस हिची ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ ही कादंबरी आली. तीत व्हँपायर स्वतःच बोलतो. आजवर त्याच्याविषयी इतर बोलत होते; डायऱ्या, पत्रे, डॉक्टरांची टिपणे, सर्व इतरांची. आता तो मुलाखत देतो. लुई आणि लेस्टॅट हे दोन पुरुष आणि त्यांनी लेकीसारखी वाढवलेली क्लॉडिया, असे एक विचित्र घर त्या पुस्तकात आहे. लेखिकेची स्वतःची लहान मुलगी १९७२ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली होती. हे ठाऊक झाले म्हणजे त्या पुस्तकातले रक्त आणि कधीच मोठी न होणारी ती मुलगी यांचा अर्थ निराळाच लागतो. १९९४ च्या चित्रपटात दोन पुरुषांचे प्रेम झाकून ठेवले होते; २०२२ साली आलेल्या मालिकेत ते उघड झाले. तीस वर्षांपेक्षा कमी काळात एवढा फरक.

मध्ये एड्सचे संकट येऊन गेले. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत त्या रोगाची पहिली नोंद झाली, आणि रक्त हा शब्दच बदलला. समलिंगी पुरुषाचे रक्त म्हणजे विष, असे लोक उघड बोलू लागले. ज्याच्या रक्ताला जग भिते त्याला रक्ताच्या गोष्टी जवळच्या वाटल्या तर त्यात नवल ते काय? अशा काळात १९९१ साली जुएल गोमेझ या कृष्णवर्णीय लेखिकेने ‘द गिल्डा स्टोरीज’ लिहिले. गुलामगिरीतून पळालेली एक मुलगी १८५० साली व्हँपायर होते आणि पुढची दोन शतके जगते. पण ती कोणाचा जीव घेत नाही. ती थोडे रक्त घेते आणि त्या माणसाच्या मनात एखादे स्वप्न, एखादा अडलेला विचार ठेवून जाते. घेणे आहे तिथे देणेही आहे. जिच्या जातीचे रक्त मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या शोषले गेले, तिने रक्तपिपासूची व्याख्याच बदलून टाकली. मला या शाखेतले हे पुस्तक सर्वांत मोठे वाटते.

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, हे सर्व त्यांचे. शवपेटी त्यांची, क्रूस त्यांचा, लसूण त्यांची. (लसूण भुताला पळवते ही कल्पना आमच्या वऱ्हाडी स्वयंपाकघरात टिकणार नाही, इथले प्रत्येक भूत उपाशी मरायचे.) आपल्याला याचे काय? हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. काळा झगा घातलेला सरदार धाम नदीच्या पुलावर आणून उभा केला तर तो हास्यास्पदच दिसेल. धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून ‘लुचाई’ लिहिली तेव्हा त्यांनाही सर्व काही आपल्या मातीत कालवून घ्यावे लागले. पण ज्या रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रमाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, त्याने पुस्तकाच्या नावात ‘वेताळ’ला प्रतिशब्द कोणता दिला? ‘व्हँपायर’! तेव्हा वाचकहो, हा गृहस्थ आपल्याकडे अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’पासून झाडाला लटकतो आहे. फक्त आपण त्याला चांदोबातला म्हणून ओळखतो.

वेताळ विक्रमाचे रक्त पीत नाही. तो गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. त्याची अट आपल्या सर्वांना लहानपणापासून पाठ आहे. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकले होतील. आणि बोललास तर मौन मोडले. मी चाललो परत झाडावर, तू पुन्हा पहिल्यापासून चाल. लहानपणी ही अट गमतीची वाटे. आज ती वाचताना मला आमच्याच वयाचा एक मुलगा दिसतो. त्याला आपल्याविषयी उत्तर ठाऊक आहे. दिवाळीला घरी गेला की आजी विचारते, काकू विचारते, बाप तर विचारतच नाही, स्थळेच आणून समोर ठेवतो. गप्प बसावे तर डोके फुटते. बोलावे तर जे काही खांद्यावर घेऊन इतकी वाट तुडवली, ते घर, तो विश्वास, ते शिक्षणाचे पैसे, सर्व क्षणात झाडावर. या अवस्थेचे इतके नेमके वर्णन मला कोणत्याही पाश्चात्त्य व्हँपायर-कथेत आढळलेले नाही. ते आपल्या घरात हजार वर्षे पडून आहे.

आपला वेताळ तिकडच्या ड्रॅक्युलापेक्षा आणखी एका बाबतीत निराळा. ड्रॅक्युलाला कोणीतरी या म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. तिकडे समलिंगी माणूस खिडकीबाहेर उभा आहे आणि आत यायची परवानगी मागतो आहे. आपल्याकडे तो केव्हाच आत आलेला असतो. गच्चीवर दोन मित्र एका गादीवर झोपले तर कोणी भुवई उंचावत नाही. मोटारसायकलवर मागे बसून मित्राच्या कमरेला मिठी मारली तर रस्ता वळून पाहत नाही. मित्राची आई ताट वाढते, भाकरीवर ठेचा ठेवते, आग्रहाने आणखी एक घे म्हणते. फक्त तो ‘मित्र’ या नावाने जेवतो. नाव बदलले की ताट उचलले जाईल, हे त्याला ठाऊक असते. आपल्या समाजाची ही सहिष्णुता म्हणायची की क्रूरता, याचा निर्णय मला अजून करता आला नाही. पण मराठी लेखकासाठी गोष्ट इथे आहे, खिडकीबाहेर नाही.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीचे मला म्हणूनच विशेष वाटते. तीत भूत नाही, रक्त नाही. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात एक पेइंग गेस्ट राहायला येतो. घरातला मुलगा त्याच्यावर प्रेम करतो, आणि मुलगीही करते. एक दिवस तो मुलीला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. त्याला शेवटपर्यंत नाव नाही. घरमालकांनी स्वतः जाहिरात देऊन, भाडे ठरवून ज्याला उंबरठ्याच्या आत घेतले, जो आला, दोघांना रिते करून पहाट व्हायच्या आत गेला, त्याला काय म्हणावे? माझ्या मते मराठीतली खरी व्हँपायर-कथा ही. आणि मुख्य म्हणजे तीत कोणी मरत नाही.

हे ‘कोणी मरत नाही’ मी मुद्दाम म्हणतो. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला मराठी रंगमंचाच्या मध्यभागी उभे करण्याचे धैर्य त्या काळी त्यांनी दाखवले, त्याला तोड नाही. पण मित्रा शेवटी आत्महत्या करते. आपल्याच विदर्भातल्या महेश एलकुंचवारांची ‘होळी’ घ्या. १९८४ साली तिच्यावर चित्रपटही झाला. विषय निराळा असला तरी वसतिगृहातली पोरांची टोळी आपल्यातल्याच एका हळव्या मुलाला असे काही घेरते की तोही जीव देतो. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ‘होळी’ वाचताना घाम फुटावा. तिथे रक्त कोण पिते? एकटा भटकणारा वेताळ नव्हे, तर दिवसाढवळ्या, हसतखेळत फिरणारा घोळका. आमच्या खोल्यांच्या मालिकेत एका मुलाच्या दारावर खडूने एक शब्द कोणी लिहून ठेवी. तो रोज सकाळी ओल्या फडक्याने ते दार पुसायचा आणि मग दात घासायला जायचा. कोणी लिहिले हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या सत्राला तो आला नाही. त्याच्या जागी दुसरा मुलगा राहायला आला, एवढेच.

म्हणून मेलेल्यांच्या गोष्टीचे मला आकर्षण वाटते, यात विरोधाभास नाही. वास्तववादी गोष्टीत आपला लेखक अशा पात्राला शेवटी मारून मोकळा होतो. त्याला दुसरे काय करावे सुचत नाही. भुताच्या गोष्टीत मात्र पात्र आधीच मेलेले असते. त्याला पुन्हा मारून काही साधत नाही. मग लेखकाला पुढचा विचार करावाच लागतो, की आता हा जगणार कसा, कोणाबरोबर, कोणत्या नावाने. आधुनिक वाचकाला या कथेची ओढ आहे ती इथे, असे माझे मत. तीत समलिंगी माणूस म्हातारा होतो, आठवणी सांगतो, भांडतो, दोन-दोनशे वर्षे एकाच सोबत्याला कंटाळतो. मराठी कथेत त्याला अजून नीट तिशीसुद्धा गाठता आलेली नाही.

आपल्याकडच्या मुंजाचाही विचार करून पाहा. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच मेला, लग्नापर्यंत पोचलाच नाही, असा हा मुलगा पिंपळावर राहतो. २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने त्याला देशभर नेले, पण त्याची वासना ठरीव साच्यातली ठेवली, त्याला मुलगीच हवी! ज्या समाजात लग्न न झालेला माणूस हाच अपुरा, त्या समाजाने अपुरेपणाचे एक भूतच तयार करून गावच्या पिंपळावर बसवले, यात केवढी गोष्ट दडली आहे. आणि भूत की देव हेही गावावरच असते. आपण ज्या वेताळाच्या नावाने पोरांना भिववतो तोच गोव्यात आमोण्याला बेताळ म्हणून ग्रामदेवता आहे, त्याला लोक कौल लावतात.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे माझे मित्र इथे हरकत घेतील. गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात बसून भुताखेतांचे गोडवे कशाला? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून पडल्यावर. हे मी विसरलेलो नाही. पण करणी केली म्हणून ज्या बाईला गाव झोडपते, तिची आणि मॅनॉरची गोष्ट एकच आहे. आपल्याला जे उमगत नाही त्याच्या छातीत खुंट ठोकणारे गाव हेच तिथले खरे भय. भूत खरे मानणारा माणूस निराळा आणि भुताच्या तोंडून खरे बोलणारा लेखक निराळा. या दोघांत गल्लत करू नये.

राहिला कायदा. १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते पुन्हा उभे केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ते तेवढ्यापुरते पुन्हा मोडले. वेताळासारखेच ते झाडावर जाऊन येऊन होते! नव्या न्यायसंहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ते कलमच नाही. म्हणजे बोललास तर तुरुंगात जाशील, ही भीती गेली. पण मौनाचा प्रश्न सुटला असे ज्यांना वाटते त्यांनी ‘वेतालपंचविंशति’चा शेवट पुन्हा वाचावा.

चोवीस प्रश्नांची उत्तरे विक्रम देतो. शेवटच्या गोष्टीत मात्र एक राजा आणि त्याचा मुलगा रानात उमटलेली दोन स्त्रियांची पावले पाहून आधीच ठरवतात, मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. पुढे निघते ते असे, की मोठी पावले मुलीची आहेत आणि लहान आईची. शब्द दिलेला, त्यामुळे बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा आईशी. वेताळ विचारतो, यांना जी मुले होतील ती एकमेकांची कोण? विक्रम गप्प राहतो. आजवर तो उत्तर ठाऊक असून गप्प बसू शकत नव्हता. आता तो गप्प आहे, कारण त्या नात्याला शब्दच नाही. आणि वेताळ प्रसन्न होतो. नुसता प्रसन्न होत नाही, पुढचा दगा सांगून राजाचा जीव वाचवतो.

मराठीइतकी नात्यांची श्रीमंती थोड्याच भाषांत असेल. बायकोच्या बहिणीचा नवरा, इतक्या लांबच्या माणसालाही आपण ‘साडू’ असा दोन अक्षरांचा सुटसुटीत शब्द दिला. नणंद, जाऊ, व्याही, विहीण, मावससासू, भाचेजावई, यादी संपत नाही. पण वीस वर्षे एका घरात राहिलेल्या दोन पुरुषांपैकी एकाच्या आईने दुसऱ्याची ओळख शेजारणीला करून द्यायची झाली, तर ती काय म्हणेल? “हा आमच्या प्रकाशचा...” इथे वाक्य तुटते. ‘मित्र’ हा शब्द खोटा नाही, पण पुराही नाही. ‘पार्टनर’ म्हटले तर शेजारीण विचारेल, कोणत्या धंद्यात? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा दोघांच्या विवाहाला मान्यता देण्याचे काम आपले नाही, कायदेमंडळाचे आहे, असा निर्णय दिला. म्हणजे न्यायालयही शेवटच्या प्रश्नाशी येऊन थांबले. तिथून पुढे बोलणे कथाकाराकडे येते, कारण नात्याला शब्द काही अध्यादेशाने मिळत नाही. कोणी तरी तो वाक्यात वापरून दाखवावा लागतो, आणि ते वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी शोभावे लागते.

मराठीत अशा कथेची परंपरा नाही, याचे मला वाईट वाटत नाही. कोरी पाटी आहे. वर्ध्यात २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मराठीच्या भवितव्याची चिंता पुष्कळ झाली. भाषा वाढते ती न बोललेले बोलल्याने, एवढीच भर मी त्या चिंतेत घालीन. मात्र लिहिणाऱ्याने इंग्रजी मालिकांतला झगा आणू नये. त्याचा वेताळ उन्हाळ्यातल्या लोडशेडिंगच्या रात्री गच्चीवर आला पाहिजे, त्याच्या अंगाला कपाशीच्या गोदामाचा वास पाहिजे, आणि खालून आवाज आला पाहिजे, “कोण पोट्टा आहे रे वर?” तो दचकतो की ओ देतो, इथे गोष्ट सुरू होईल.

आणि वार्षिकांकांच्या संपादक मंडळांना एक विनंती. अशी कथा कधी तुमच्या टेबलावर आलीच, तर ‘विषय अंकास योग्य नाही’ असा शेरा मारून ती परत करू नका. भीती खरी उतरली आहे का, माणसे आपल्या बोलीत बोलतात का, शेवट ओढूनताणून आणला आहे का, हे पाहा आणि खुशाल नापास करा. कथा म्हणून नापास होणे हा कोणत्याही लेखकाचा हक्क आहे. लेखकाने नाव छापू नका म्हटले, तर नाव छापू नका. पण अनुक्रमणिकेत ती ‘विनोदी’ या सदरात तेवढी टाकू नका.